परवान्याविना रंगभूमी

१९४३ साली सांगलीस मराठी रंगभूमीचा शताब्दी-महोत्सव साजरा झाला. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकास शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने नट, नाटककार आणि रसिक त्या संस्थानी नगरीत एकत्र जमले आणि संमेलनाचे अध्यक्षस्थान स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भूषविले. त्याच वर्षी, सांगलीहून फारशा दूर नसलेल्या कोल्हापूरनजीकच्या वळीवडे गावी पोलिश निर्वासितांची एक मोठी वसाहत उभी राहत होती. सोव्हिएत सरकारने १९४०-४१ साली घरादारांतून उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलेली ही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, आणि वसाहत भरली तेव्हा त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली. या परक्या लोकांनी तेथे शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर उभारले, आणि आपल्या भाषेतील नाटकेही बसविली. करवीरच्या मुलखात त्यांना कोणी मज्जाव केला नाही. परंतु ज्या भूमीची ती भाषा, त्या भूमीत मात्र त्याच वेळी आपल्याच कवींचे नाटक आपल्याच भाषेत करणे हा देहदंडापर्यंत पोहोचविणारा अपराध ठरला होता. त्या भूमीत राहिलेल्या एका नाट्यदिग्दर्शकाची आणि त्याच्या सहकाऱ्यांची हकीकत मराठी वाचकांस सांगावी, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

लेओन शिलर यांचा जन्म १८८७ साली क्राकोव्ह नगरीत झाला. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य पृथ्वीच्या नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते, आणि सव्वाशे वर्षांच्या त्या पारतंत्र्यात पोलिश भाषा जेथे चारचौघांत उजळ माथ्याने बोलली जाई, अशा मोजक्या स्थानांपैकी रंगमंच हे एक प्रमुख स्थान होते. म्हणून त्या राष्ट्राने आपल्या कवींना जो मान दिला तो अन्यत्र सेनापतींना मिळतो, आणि आदाम मित्स्क्येविच, युलियुश स्वोवात्स्की, झिगमुंट क्रासिन्स्की या कवींची पद्यनाटके म्हणजे त्या लोकांचा राष्ट्रीय ठेवाच होऊन बसला. तरुण शिलर यांनी क्राकोव्ह व पॅरिस येथे अध्ययन केले, एडवर्ड गॉर्डन क्रेग या इंग्रज नाट्याचार्याचा सहवास संपादिला, त्याच्या 'मास्क' या नियतकालिकात लेखन केले, आणि १९१८ साली देश स्वतंत्र झाल्यावर त्या स्वातंत्र्यास शोभेल अशी भव्य रंगभूमी निर्माण करावी हा ध्यास घेतला. शेकडो माणसांचा समुदाय, संगीत, प्रकाश आणि काव्य यांचा एकत्र मेळ घालणाऱ्या त्यांच्या त्या पद्धतीस पोलंडात 'महाकाय रंगभूमी' असे म्हणत. १९३२ साली ल्वूव्ह येथे त्यांनी मित्स्क्येविचचे 'झ्यादी' हे नाटक उभे केले. पितरांना अन्न देऊन आवाहन करण्याच्या एका प्राचीन लोकविधीभोवती गुंफलेल्या या नाटकात रशियन झारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या विद्यार्थ्यांची कथा आहे, आणि आंद्झेय प्रोनाश्को या नेपथ्यकाराने रंगमंचावर तीन क्रूस उभे करून ते अथपासून इतिपर्यंत प्रेक्षकांच्या दृष्टीसमोर ठेविले होते. पुढे व्हिल्नो आणि वॉर्सा येथेही हा प्रयोग झाला. वॉर्साच्या शासकीय नाट्यसंस्थेत दिग्दर्शनाचा स्वतंत्र विभाग १९३३ साली शिलर यांच्याच हाती सोपविण्यात आला. विचारांनी ते डाव्या मताचे असल्याने सरकारदरबारी त्यांच्याविषयी संशय असे. परंतु कलेतील त्यांचे आचार्यत्व शत्रूंनाही मान्य होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजांनी पोलंडवर चाल केली. १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरले, आणि महिना संपण्यापूर्वी वॉर्सा शरण गेले. वॉर्साचे भव्य नाट्यगृह बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले. क्राकोव्हच्या वावेल किल्ल्यात, जेथे पोलिश राजांच्या समाधी आहेत, तेथे हान्स फ्रांक हा जर्मन सुभेदार येऊन बसला, आणि नोव्हेंबरच्या ६ तारखेस क्राकोव्हच्या प्राध्यापकांना एका व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून सरसकट अटक करून साक्सनहाउसेनच्या छळछावणीत धाडण्यात आले. विद्यापीठे बंद, माध्यमिक शाळा बंद, नाट्यगृहे बंद असा नवा शिरस्ता सुरू झाला. या राष्ट्राने हाताने राबावे, परंतु डोक्याने विचार करू नये, हे नव्या धन्यांचे उघड धोरण होते. आणि म्हणूनच नाटकाच्या बाबतीत त्यांनी एक पळवाट हेतुतः मोकळी ठेविली. हलकी प्रहसने, नाचगाणी आणि उत्तान चाळे यांचे खेळ जर्मन प्रचारखात्याच्या परवान्याने करण्यास मुभा होती. मात्र मित्स्क्येविच नको, स्वोवात्स्की नको, इतिहास नको, राष्ट्राचे नाव नको. प्रत्येक नटाने प्रचारखात्याच्या दफ्तरात आपले नाव नोंदवून परवाना घ्यावा, असा हुकूम सुटला.

या हुकुमास पोलिश नटसंघाने जे उत्तर दिले ते मला जगाच्या नाट्येतिहासातील अत्यंत उदात्त कृत्यांपैकी एक वाटते. भूमिगत झालेल्या त्या संघाने आपल्या सभासदांस आज्ञा दिली, की कोणीही परवान्याच्या रंगमंचावर पाऊल ठेवू नये. नटाचे जीवित म्हणजे त्याचा रंगमंच; तो स्वतःहून सोडणे म्हणजे अन्न सोडण्याइतकेच कठीण, आणि या प्रसंगी तर खरोखर अन्नही सुटणार होते. काही जणांनी परवाने घेतले, हे खरे आहे, आणि युद्धानंतर संघाच्या चौकशी-मंडळापुढे त्यांना जाब द्यावा लागला. परंतु नामवंतांपैकी बहुसंख्यांनी ती आज्ञा पाळली. मिएचिस्वावा च्विक्लिन्स्का ही साठीच्या घरातील थोर अभिनेत्री, जिच्या एका प्रवेशावर नाट्यगृह टाळ्यांनी दुमदुमत असे, ती वॉर्सामधील एका कॉफीगृहात गिऱ्हाइकांसमोर कपबशा नेऊन ठेवू लागली. त्या दुकानाचे नावच 'नटींच्या घरी' अशा अर्थाचे होते, आणि तिच्याबरोबर एल्झब्येता बार्श्चेव्स्का यांसारख्या तरुण अभिनेत्रीही तेच काम करीत.

आम्हां तलवाडेकरांस आणि एकंदर गेवराई तालुक्यातील लोकांस परवाना या वस्तूची ओळख करून देण्याचे कारण नाही. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. दरबारची भाषा उर्दू, कचेरीचे कागद उर्दू, आणि १९२९ साली निघालेल्या 'गश्ती निशान ५३' या परिपत्रकान्वये सार्वजनिक सभेस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली होती. ब्रिटिश मुलखात १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा होता, आणि त्याच्या बळावर १९१० साली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली, हेही सर्वश्रुत आहे. निजामी अंमल आणि हिटलरी अंमल यांना एकाच मापाने मोजणे हा दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय होईल. पोलंडात जे घडले त्या संहाराची तुलना आपल्याकडील कोणत्याही जुलमाशी करता येत नाही. तरीपण, आपल्या भाषेत चार माणसे एकत्र बसवून काही बोलण्यासाठी परक्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहावे लागणे म्हणजे काय, याची जाणीव ज्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या बाळगली, त्याला वॉर्सामधील नटांच्या त्या नकाराचे मोल अधिक लवकर कळेल असे मला वाटते.

शिलर यांनी या काळात नकारापुरतेच थांबणे मान्य केले नाही. १९४० साली वॉर्सामध्ये एक गुप्त नाट्यपरिषद स्थापन झाली. तीत शिलर यांच्यासह एडमुंड व्येर्चिन्स्की हे दिग्दर्शक, बोहदान कोझेन्येव्स्की हे नाट्यविद् आणि पूर्वोक्त प्रोनाश्को होते. या परिषदेने काय केले? देश स्वतंत्र होईल त्या दिवशी नाट्यगृहे कोणत्या तत्त्वावर चालावीत, पहिल्या हंगामात कोणती नाटके व्हावीत, नटांचे शिक्षण कसे असावे, याच्या योजना आखल्या. लेखकांना नवी नाटके आणि भाषांतरे करण्यास सांगून त्यांच्या चरितार्थास आधार दिला. चेस्वाव मिवोश या तरुण कवीने, ज्यास पुढे १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले, शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'चे पोलिश भाषांतर याच परिषदेच्या सांगण्यावरून केले. रस्त्यावर बंदुकीच्या नळीखाली माणसे धरली जात असता बंद खोलीत बसून भविष्यातील रंगभूमीचा आराखडा इतक्या बारकाव्याने आखणाऱ्या त्या माणसांचा आपल्या राष्ट्राच्या पुनरुत्थानावर किती अढळ विश्वास असेल!

१९४१ च्या मार्चमध्ये या सर्वांवर वीज कोसळली. इगो सिम हा युद्धापूर्वीचा लोकप्रिय चित्रपटनट जर्मनांस जाऊन मिळाला होता आणि वॉर्सामधील परवान्याच्या नाट्यगृहांचा कारभार पाहत होता. ७ मार्च रोजी सकाळी भूमिगत सेनेच्या लोकांनी त्याच्या घराच्या दाराशी जाऊन त्यास गोळ्या घातल्या. जर्मनांनी शहरात जाहीरनामे लावून ओलीस धरले, आणि चार दिवसांनी पाल्मिरीच्या अरण्यात एकवीस जणांना ठार केले. दोब्येस्वाव दाम्येन्त्स्की हा नट आणि त्याची पत्नी यांच्यावर खुनाचा आळ घालून त्यांना पकडण्यासाठी भित्तिपत्रके लागली. त्या दोघांनी नावे बदलून युद्ध संपेपर्यंत दडून दिवस काढले. नाट्यसृष्टीतील अनेकांची धरपकड झाली, आणि एप्रिलच्या आरंभी शिलर, कोझेन्येव्स्की आणि पोलंडचा सर्वश्रेष्ठ नट मानला जाणारा स्तेफान याराच यांना औश्वित्झच्या छावणीत नेण्यात आले.

शिलर त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. मे महिन्यात याराच सुटले, आणि मेअखेर शिलरही बाहेर आले. त्यांच्या बहिणीने घरातील दागदागिने विकून जी रक्कम उभी केली, तिचा या सुटकेत मोठा वाटा होता. याराच यांच्या क्षयाने खचलेल्या देहास मात्र पुन्हा उभारी आली नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, देश मुक्त झाल्यावर काही महिन्यांतच, त्यांचे निधन झाले. शिलर छावणीतून परतले ते अंतर्मुख होऊन. डाव्या विचारांचा हा पुरुष बेनेडिक्ट संप्रदायाचा गृहस्थ-अनुयायी झाला, आणि दीक्षेच्या वेळी त्यांनी आर्दालिऑन हे नाव घेतले. आर्दालिऑन हा ख्रिस्ती परंपरेतील हुतात्मा मूळचा नट होता.

येथे या चरित्रात एका विलक्षण स्त्रीचा प्रवेश होतो. स्तानिस्वावा उमिन्स्का ही वॉर्साच्या रंगभूमीवर उदयास येणारी अभिनेत्री होती. तिचा प्रियकर यान झिझ्नोव्स्की, जो चित्रकार आणि लेखक होता, पॅरिसच्या रुग्णालयात कर्करोगाने तळमळत असता त्याने तिच्याजवळ मरण मागितले. १९२४ च्या जुलैमध्ये तिने त्याच्यावर गोळी झाडली. फ्रेंच न्यायालयाने तिला पुढील वर्षी निर्दोष सोडले; पण ती रंगभूमीकडे पुन्हा वळली नाही. तिने संन्यास घेतला, आणि कालांतराने वॉर्सानजीकच्या हेन्रिकूव्ह येथे, रस्त्यावर पडलेल्या, देहविक्रयात ओढल्या गेलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या जोगिणींच्या आश्रमाची ती प्रमुख झाली. शिलर या आश्रमात येऊ लागले, आणि १९४२ च्या नाताळाच्या सुमारास त्यांनी तेथे आपली 'पास्तोराव्का' बसविली.

या नाटकाची जडणघडण समजून घेणे आवश्यक आहे. पोलंडच्या खेड्यापाड्यांत नाताळात म्हटली जाणारी गाणी आणि जुने धार्मिक खेळ शिलर यांनी तरुणपणापासून गोळा केले होते, आणि त्यांतून १९२२ साली ही ख्रिस्तजन्माची संगीतिका त्यांनी प्रथम रंगभूमीवर आणली होती. तीत आदाम आणि ईव्ह आहेत, थंडीत कुडकुडणारे धनगर आहेत, गोठा आहे, आणि बालकांची कत्तल करण्याची आज्ञा देणारा हेरोद राजा आहे, ज्याचा शेवट मृत्यूच्या हातून होतो. आता विचार करावा: शेकडो नटांचा समुदाय एका इशाऱ्याने हलविणारा आचार्य, ज्या मुलींनी कधी रंगमंच पाहिला नाही, पुष्कळजणींना धड वाचताही येत नाही अशा त्याच्या पात्रांचा संच, आणि रंगमंचाच्या नावाने आश्रमातील एक दालन. आदाम, धनगर, हेरोद, मृत्यू या साऱ्या भूमिका त्या मुलीच करीत. समाजाने ज्यांना पापिणी म्हणून हाकलले होते त्यांच्या तोंडून देवाच्या जन्माचे गाणे निघे. वॉर्साहून लेखक, नट आणि विद्वान जीव मुठीत धरून तेथे येत, आणि निरपराध बालकांना मारणारा राजा समोर उभा राहिला म्हणजे त्याचे नाव काय, हे कोणी कोणास विचारण्याची गरज पडत नसे. ल्वूव्हच्या 'झ्यादी'ची छायाचित्रे नाट्येतिहासाच्या प्रत्येक ग्रंथात छापली जातात आणि ती छापली जाणे योग्यच आहे; परंतु माझ्या मते शिलर यांच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण हेन्रिकूव्हचाच होय, कारण जे वैभव त्यांच्या कलेस अपरिहार्य मानले जात होते ते सर्व हिरावून घेतल्यावरही ती कला उणी झाली नाही, हे तेथे सिद्ध झाले.

शिलर एकटे नव्हते. क्राकोव्हमध्ये मिएचिस्वाव कोत्लार्चिक या साहित्याच्या शिक्षकाने २२ ऑगस्ट १९४१ रोजी 'ऱ्हाप्सोडिक रंगभूमी'चा पाया घातला. पडदा नाही, नेपथ्य नाही, केवळ शब्द. कोणाच्या तरी घराच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस विश्वासू माणसे बसत आणि चार-पाच तरुण स्वोवात्स्कीचे काव्य म्हणत. आमच्याकडे कीर्तनकार जसा वीणा आणि टाळ एवढ्याच सामग्रीवर संबंध रामायण उभे करतो, तशीच ही कला होती. जर्मन अंमल चालू असेतो या मंडळीने सात नाटके बसविली आणि बावीस प्रयोग केले. १९४२ च्या नोव्हेंबरात मित्स्क्येविचच्या 'पान तादेऊश'चा प्रयोग चालू असता बाहेर रस्त्यावरील ध्वनिक्षेपकातून जर्मन सैन्याच्या विजयवार्ता गर्जू लागल्या. त्या वेळी बोलत असलेल्या तरुणाने आवाज चढविला नाही वा थांबविला नाही, जणू काही ऐकूच येत नव्हते अशा शांतपणे आपले भाषण शेवटास नेले. दिवसा दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी करणारा तो तरुण म्हणजे करोल वोयतिवा, जो १९७८ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे या नावाने रोमच्या पीठावर बसला. कोत्लार्चिक त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

त्याच शहरात तादेऊश कांतोर या चित्रकाराने १९४४ च्या उन्हाळ्यात विस्प्यान्स्की या नाटककाराचे 'ओदिसेउसचे पुनरागमन' एका युद्धात मोडलेल्या खोलीत केले. चिखलाने माखलेले गाडीचे चाक, कुजलेली फळी, अशाच वस्तू तेथे होत्या, आणि ट्रॉयहून परतणारा वीर जर्मन शिपायाचा मळका कोट आणि शिरस्त्राण घालून बसला होता; पूर्वेच्या आघाडीवरून पराभूत होऊन परतणारे असे शिपाई प्रेक्षकांनी त्या दिवसांत रस्त्यावरच पाहिले होते.

आणि वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यातील तो प्रयोग, ज्याच्याशी आपले भारतीयांचे नाते आहे, तो विसरून चालणार नाही. डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथांचे 'डाकघर' केले. ते बसविले एस्तेर्का विनोग्रोन या अनाथालयात काम करणाऱ्या तरुणीने. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा, आणि अखेर शांतपणे डोळे मिटणारा अमल हा आजारी बालक कोंडवाड्याच्या भिंतीआड जन्माला आला. प्रयोगानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैस, कोंडवाड्यातील लोकांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यास प्रारंभ झाला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आपल्या सुमारे दोनशे मुलांसह त्याच वाटेने गेले. स्वतःस वाचविण्याची संधी त्यांस देऊ करण्यात आली होती. त्यांनी ती नाकारली. एस्तेर्काही त्या संहारातून वाचली नाही. ज्या कवीने शिलायदह आणि शांतिनिकेतनच्या मोकळ्या आकाशाखाली आपले लेखन केले, त्याचे नाटक मरणाच्या दारातील बालकांना धीर देण्यासाठी निवडले जावे, या गोष्टीचा अभिमान वाटण्यापूर्वी आपली मान लवते.

१९४४ च्या १ ऑगस्टला वॉर्साने उठाव केला. त्रेसष्ट दिवसांच्या लढाईनंतर ते शहर पडले, आणि जर्मनांनी ते घर न्‌ घर पाडले. शिलर यांची रवानगी बव्हेरियातील मुर्नाऊच्या युद्धबंदी छावणीत झाली. १९४५ च्या एप्रिलअखेर अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली, तेव्हा जर्मनीत अडकून पडलेल्या आपल्या देशबांधवांसाठी त्यांनी लिंगेन गावी एक नाटकमंडळी उभी केली, आणि पोलिश रंगभूमीचे जनक वोय्चेख बोगुस्लावस्की यांचे नाव तिला दिले. त्या वर्षाच्या अखेरीस ते मायदेशी परतले. वूच शहरातील नाट्यगृह आणि नाट्यशाळा त्यांच्याकडे आली. १९४६ साली त्यांनी बोगुस्लावस्कीचेच 'क्राकोव्हकर आणि डोंगरी लोक' रंगमंचावर आणले. परंतु ज्या नव्या साम्यवादी राजवटीचे त्यांनी मनःपूर्वक स्वागत केले होते, तिलाही त्यांचा भव्य, गूढ, कवींचा रंगमंच मानवला नाही, आणि १९५० पर्यंत त्यांच्या हातून नाट्यगृहे काढून घेण्यात आली. हा अन्याय होता, आणि तो स्वकीयांनी केला असल्याने अधिक बोचणारा होता. २५ मार्च १९५४ रोजी वॉर्सामध्ये त्यांचे देहावसान झाले.

अखेरच्या त्या वर्षांत, रंगमंच हातात नसता, शिलर यांनी एक काम केले. १९५२ साली त्यांनी 'पामिएन्त्निक तेआत्राल्नी' हे नाट्येतिहासास वाहिलेले त्रैमासिक सुरू केले. पुढील काळात या त्रैमासिकाने युद्धकाळातील गुप्त प्रयोगांची कागदपत्रे आणि प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी परिश्रमपूर्वक एकत्र करून छापल्या. आणि भूमिगत रंगभूमीत स्वतः वावरलेल्या स्तानिस्वाव मार्चाक-ओबोर्स्की यांनी त्या काळाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या प्रयोगांची जाहिरात नव्हती, तिकीट नव्हते, ज्यांचा एकही कागद ठेवणे जिवावर बेतणारे होते, त्यांच्या तारखा आज आपणास ठाऊक आहेत, त्या या परिश्रमांमुळे.

मराठवाड्यात हे काम व्हावयाचे आहे. निजामी अमलात आमच्या गावोगावी भारुडे झाली, गोंधळ झाले, गणपतीचे मेळे निघाले, तमाशाचे फड उभे राहिले. तलवाड्यास तर त्वरितादेवीचे ठाणेच आहे, आणि देवीच्या दारी गोंधळ्यांची परंपरा चालत आलेली आहे. यांपैकी कोणत्या खेळास परवाना मिळाला, कोणता नाकारला गेला, आणि कोणता परवान्याविना झाला, याची नोंद करून ठेवण्याची तसदी आपण फारशी घेतलेली नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांतील फार थोडे आज उरले आहेत. परंतु त्यांच्या घरी पदांच्या वह्या असतील, उर्दूतील अर्ज आणि हुकूम असतील, मुलानातवंडांना सांगितलेल्या गोष्टी असतील. तालुक्यातील शिक्षकांनी आणि महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या वह्या पाहाव्यात, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचे साहाय्य घ्यावे, आणि गाव, साल, खेळाचे नाव व करणाऱ्यांची नावे एवढे तरी कागदावर उतरवून ठेवावे, अशी माझी त्यांस विनंती आहे.